कर्नल मेमरीचा हिशेब (कंट्रोल ग्रुप)

कर्नल मेमरीचा हिशेब : लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोसेसचे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांचे, गट पाडून प्रत्येक गटाला प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचा ठरावीक वाटा देण्याची सोय आहे, तिला कंट्रोल ग्रुप किंवा थोडक्यात सीग्रुप म्हणतात. गटातल्या प्रोसेस स्वतः मागून घेतात ती मेमरी मोजणे तुलनेने सोपे. पण त्यांच्या कामापायी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हाही आपल्याकडची मेमरी गुंतवत असतो. तीही त्याच गटाच्या नावावर मांडणे म्हणजे कर्नल मेमरीचा हिशेब. डॉकर आणि कुबर्नेटीस या साधनांनी चालवलेले कंटेनर (एकाच मशीनवर वेगळ्या खोलीत बंद केल्यासारखे चालणारे प्रोग्राम) एकमेकांच्या वाट्यात शिरू नयेत याची भिस्त बरीचशी या हिशेबावर असते. हा हिशेब गट तयार होतानाच सुरू करायचा की नंतर केव्हातरी, हा यातला कळीचा मुद्दा, आणि पुढची बहुतेक भानगड तिथूनच निघाली.

एखादा प्रोग्राम १ जीबी मेमरी मागतो तेव्हा ती उघड दिसते. प्रोग्रामने फाइल उघडली की मात्र कर्नल गुपचूप तिचा आयनोड (फाइलविषयीची माहिती) आणि डेंट्री (फाइलच्या नावाची नोंद) आपल्याकडे मांडतो. नवी प्रोसेस जन्मली की तिच्यासाठी कर्नल स्टॅक (कर्नलची कामापुरती जागा), टास्कची नोंद आणि पेज टेबल (मेमरीचा नकाशा) लागतात. सॉकेट (नेटवर्कची जोडणी) उघडला की बफर (तात्पुरता साठा) आले, पाइप (दोन प्रोसेसमधली नळी) काढला की तेच. ही मेमरी स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) ढकलता येत नाही, त्यामुळे ती वाढत गेली तर झळ साऱ्या मशीनला बसते. ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवर प्रत्येक थ्रेडला (प्रोसेसमधल्या कामाच्या धाग्याला) १६ केबीचा कर्नल स्टॅक मिळतो. स्वतःलाच पुन्हा पुन्हा जन्म देणारा एखादा खोडसाळ प्रोग्राम १०,००० प्रोसेसपर्यंत गेला, तर नुसत्या स्टॅकपायी दीडशे एमबीहून अधिक मेमरी अडकते. बरे, त्या प्रोसेस काही न करता झोपलेल्या असल्या तरी.

बेळगावसारख्या ठिकाणी हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय याच शहरात आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मराठी माध्यमातून आलेली मुले इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम शिकतात इंग्रजीतून, आणि प्रयोगशाळेत बोलतात मराठी-कन्नडच्या मिश्रणात : 'लिमिट लावली', 'कंटेनर मेला', 'मेमरी कोण खातंय बघ'. दुसरीकडे उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपची दाटी आहे. अशा कारखान्यात ८ जीबीच्या एकाच लहान सर्व्हरवर हिशेबाचे सॉफ्टवेअर, सीएनसी मशीनची माहिती गोळा करणारा प्रोग्राम आणि गेटवरच्या कॅमेऱ्यांची नोंद असे तीन-चार कंटेनर कोंबले, तर एकाने आडमार्गाने खाल्लेली कर्नल मेमरी बाकीच्यांच्या मुळावर येते. मोठ्या डेटा सेंटरपेक्षा तोकड्या मशीनवर या हिशेबाची गरज जास्त, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

प्रयोगशाळेत सहज करून पाहता येईल असे उदाहरण घ्या. एका गटात चालणाऱ्या स्क्रिप्टने एक लाख रिकाम्या फाइल तयार केल्या. फाइलमध्ये मजकूर शून्य, प्रोग्रामची स्वतःची मेमरी जेमतेम. तरी प्रत्येक फाइलमागे डेंट्रीचे १९२ बाइट आणि ईएक्सटी४ फाइल सिस्टिमच्या आयनोडचे एक केबीच्या आसपास, असे धरले तर कर्नलकडे शंभर एमबीहून जास्त साठा होतो. गटाच्या 'मेमरी.स्टॅट' या फाइलमध्ये तो 'स्लॅब_रिक्लेमेबल' या ओळीत दिसतो (स्लॅब म्हणजे कर्नलच्या छोट्या वस्तूंचा साठा), कारण गरज पडली की कर्नल तो सोडवून घेऊ शकतो. त्याच फाइल उघड्या धरून ठेवल्या तर मात्र सोडवणूक नाही. पहिल्या प्रकारात लिमिट लागली की काम संथ होते, दुसऱ्यात प्रोसेस मरते.

कंट्रोल ग्रुपची सुरुवात २००६ मध्ये गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी केली. २.६.२४ या कर्नलच्या आवृत्तीबरोबर (जानेवारी २००८) ती सोय मुख्य लिनक्समध्ये आली. पाठोपाठ २.६.२५ मध्ये बलबीर सिंग यांचे, गटाची मेमरी मोजून बांधणारे मेमरी कंट्रोलर आले. त्यात कर्नलची स्वतःची मेमरी मोजली जात नव्हती. ती उणीव ग्लाउबर कोस्टा यांच्या कामाने ३.८ मध्ये (फेब्रुवारी २०१३) भरून निघाली. त्यामागचे एक मोठे निमित्त म्हणजे वर सांगितलेला प्रोसेसचा भडिमार. नुसती प्रोसेसची संख्या बांधणारा वेगळा कंट्रोलर ४.३ मध्ये, म्हणजे २०१५ साली आला.

पहिल्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये हा हिशेब आपोआप सुरू होत नसे. गटाच्या 'मेमरी.केमेम.लिमिट_इन_बाइट्स' या फाइलमध्ये काहीतरी मर्यादा लिहिली की तो चालू होई. अट अशी की त्या वेळी गटात एकही प्रोसेस नको आणि त्याखाली पोटगटही नकोत, नाहीतर कर्नल 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून परत पाठवी. ही अट जाचक वाटली तरी तिच्यामागचे कारण रास्त होते. संकेश्वरच्या हिरण्यकेशी कारखान्यात उसाची गाडी आधी काट्यावर जाते आणि मग रिकामी होते. ऊस एकदा गव्हाणीत पडला की कुठली कांडी कुणाच्या फडातली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कर्नलचेही तसेच. प्रोसेसनी आयनोड आणि स्टॅक घेऊन झाल्यावर मोजणी सुरू केली, तर आधी घेतलेल्या वस्तूंवर कुणाचेच नाव नसते, आणि त्या सुटताना वजाबाकी कुणाच्या खात्यातून करायची हा घोळ होतो.

यातून कंटेनर चालवणाऱ्या मंडळींनी एक तोडगा काढला. डॉकर आणि कुबर्नेटीसच्या पोटात असलेल्या रनसी या प्रोग्रामने गटाची डिरेक्टरी तयार झाल्या झाल्या, आत प्रोसेस टाकण्याआधी, त्या फाइलमध्ये प्रथम १ आणि लगेच उणे १ लिहायला सुरुवात केली. १ लिहिल्याने हिशेब चालू होतो. उणे १ म्हणजे 'मर्यादा नाही'. मर्यादा उठली तरी एकदा चालू झालेला हिशेब गट असेपर्यंत बंद होत नाही. युक्ती नामी होती. वापरकर्त्याने मागितले नसतानाही ती प्रत्येक कंटेनरला लागू झाली, तिथे मात्र गणित फसले.

३.१० कर्नलवर चालणाऱ्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ आणि सेंटओएस ७ या लिनक्सच्या वितरणांमध्ये या हिशेबाचे काम अर्धेकच्चे होते. लिमिट गाठल्यावर जुना साठा सोडवून घेण्याची सोय त्यात नव्हती, मागणी सरळ नाकारली जाई. कर्नल बांधतानाच्या पर्यायांत याविषयी काही काळ स्वच्छ इशाराच छापलेला होता : प्रत्यक्ष वापरात हे निरुपयोगी आहे, प्रयोगापलीकडे निवडू नका. तो कुणी मनावर घेतला नाही. शिवाय त्या काळी प्रत्येक गटासाठी स्लॅबच्या साठ्यांची वेगळी प्रत निघे, आणि गट पुसला तरी त्याच्या नावावरच्या वस्तू शिल्लक असल्या तर गट आतून जिवंतच राही. गटांना मिळणारे क्रमांक ६५,५३५ च्या पुढे जात नाहीत. कंटेनर दिवसभर उघडझाप करत राहिले की एक दिवस नवा गट करताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा संदेश येई, किंवा मेमरी मिळत नाही म्हणून स्लब या कर्नलमधल्या मेमरी वाटणाऱ्या भागाची तक्रार लॉगमध्ये उमटे. 'सर, डिस्क रिकामी हाय की ओ, मग जागा नाही कशाला म्हणतंय?' हा प्रश्न इथे अगदी वाजवी आहे. संदेशातल्या जागेचा डिस्कशी काही संबंध नसतो; संपलेले असतात ते क्रमांक. त्या काळी उतारा म्हणजे मशीन रिबूट करणे, नाहीतर हा हिशेब वगळून रनसी नव्याने बांधून घेणे. त्यासाठी 'नोकेमेम' हा बांधणीचा पर्याय ठेवला गेला.

४.५ कर्नलपासून (मार्च २०१६) चित्र पालटले. सीग्रुपची दुसरी आवृत्ती अधिकृत झाली आणि तिच्यात कर्नल मेमरीचा हिशेब मुळातच चालू ठेवला गेला; वेगळी लिमिट नाही, वेगळी फाइल लिहिणे नाही. प्रोग्रामची मेमरी आणि त्याच्यापायी गुंतलेली कर्नल मेमरी मिळून 'मेमरी.मॅक्स' या एकाच मर्यादेत बसते. ती गाठली की कर्नल आधी सोडवता येईल ते सोडवतो आणि भागले नाही तर त्या गटातल्याच प्रोसेसवर कुऱ्हाड चालवतो. सरसकट सगळे मोजण्याची जुनी पद्धतही याच सुमारास गेली. कर्नलमधील ज्या वस्तूंवर 'हिशेबात धरा' अशी खूण आहे तेवढ्याच मोजल्या जातात. ज्याला हे नकोच असेल त्याने बूट करताना 'सीग्रुप.मेमरी=नोकेमेम' द्यावे. ५.९ मध्ये (ऑक्टोबर २०२०) रोमन गुश्चिन यांनी स्लॅबची मोजणी मेमरीच्या पानांऐवजी (ठरावीक आकाराच्या तुकड्यांऐवजी) वस्तूंवर आणली. त्यामुळे वेगवेगळ्या गटांच्या वस्तू ४ केबीच्या एकाच पानावर राहू लागल्या आणि गटागणिक प्रती काढण्याची उधळपट्टी थांबली. जुनी वेगळी मर्यादा ५.४ मध्ये बाद ठरवली होती, ५.१६ पासून ती लिहूच देत नाहीत.

दुसऱ्या आवृत्तीतही एक गोष्ट बदललेली नाही. मेमरी ज्या गटात असताना घेतली त्याच गटाच्या नावावर राहते. प्रोसेस नंतर दुसऱ्या गटात हलवली तरी जुने ओझे मागेच राहते. म्हणून आधी गट, मग मर्यादा, मग प्रोसेस हा क्रम अजूनही पाळावा लागतो. ५.७ कर्नलपासून तर पालक प्रोसेसला आपले अपत्य थेट ठरलेल्या गटातच जन्माला घालता येते, म्हणजे जन्म आणि स्थलांतर यांच्यामधली फटही बुजते. सामायिक वस्तूंबाबत मात्र अन्याय उरतोच : दोन कंटेनर एकच डिरेक्टरी वापरत असतील, तर जो आधी तिला हात लावतो त्याच्या खात्यावर डेंट्री पडतात आणि दुसरा फुकटात वापरतो.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. तरीही कॉलेजातल्या किंवा कारखान्यातल्या एखाद्या जुन्या सर्व्हरवर काम करताना आपण कोणत्या आवृत्तीवर आहोत हे आधी बघून घेणे बरे. '/सिस/एफएस/सीग्रुप' या डिरेक्टरीत 'सीग्रुप.कंट्रोलर्स' नावाची फाइल थेट दिसली तर आवृत्ती दुसरी. त्याऐवजी 'मेमरी', 'सीपीयू' अशा डिरेक्टऱ्या ओळीने दिसल्या तर पहिली. मेलेल्या पण न सुटलेल्या गटांची संख्या दुसऱ्या आवृत्तीत 'सीग्रुप.स्टॅट' मध्ये 'एनआर_डाइंग_डिसेंडंट्स' या नावाने मिळते.