व्हेनिस लाकूड कुजल्यामुळे बुडत नाही

रावेर-यावलकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून फिरतं, ‘व्हेनिसचे लाकडी खांब कुजले, म्हणून शहर बुडतंय.’ हे चूक आहे. खांब चिखलात रुतलेले. तिथे प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून लाकूड फार सावकाश झिजतं.

समुद्र वर चढतोय आणि जमीन खाली गेलीय, हे खरं दुखणं. विसाव्या शतकात व्हेनिसलगतच्या मार्घेरा औद्योगिक भागातल्या कारखान्यांनी बेसुमार भूजल उपसलं. १९७०च्या दशकात उपसा आवरला, खचणं मंदावलं. दबलेली माती मात्र पूर्ववत झाली नाही. केळीसाठी बोअर खोल-खोल नेणाऱ्या आपण हे नीट ऐकावं.

२०२०पासून मोठ्या भरतीला पाणी अडवायला व्हेनिसच्या खाडीच्या तोंडांशी ७८ पोलादी दारं समुद्रतळातून उठतात. समुद्र चढत राहिला तर ती वारंवार लावावी लागतील, आणि तेवढा वेळ जहाजांची वाट बहुतांशी बंद.