तारकर्लीचं नितळ पाणी फोटोत पांढरट का येतं?

डिसेंबरात तारकर्ली-देवबागला जाऊन आलेला कुणीही सांगणार की पाणी इतकं क्लिअर होतं, खालची वाळू दिसत होती, आणि मग मोबाइल पुढे करणार तर त्यात नुसता राखाडी चकचकीत पट्टा. मोबाइलला शिव्या घालू नका, महागडा कॅमेरा घेऊन गेलात तरी तेच होणार, कारण भानगड कॅमेऱ्यात नाही, पाण्याच्या वरच्या थरात आहे.

समुद्राकडे बघताना दोन प्रकारचा उजेड डोळ्यात येतो. एक पाण्यात शिरून, तळाला किंवा पाण्यालाच धडकून परत वर आलेला, त्यात रंग असतो. दुसरा पाण्यात न शिरता वरूनच परतलेला, म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. सरळ खाली वाकून बघितलं तर पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के उजेड परततो, पण किनाऱ्यावर उभं राहून लांबचं पाणी बघाल, नजर पाण्याशी १० अंशांचा कोन करत असेल, तर हाच आकडा ३५ टक्क्यांवर जातो. मग बिचारा तळ दिसणार कसा? ड्रोनचे फोटो एवढे भारी येतात त्याचं अर्धं श्रेय या सरळ खाली बघण्याला आहे (ड्रोन उडवायच्या आधी परवानगीचं मात्र बघा).

ज्यांच्याकडे ड्रोन नाही त्यांच्यासाठी पोलरायझर, कॅमेरावाले ज्याला सीपीएल म्हणतात तो लेन्सवर लावायचा फिल्टर. पाण्यावरून परतणारा उजेड बराचसा आडव्या दिशेत कंप पावत असतो, आणि उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांच्या कोनात बघितलं तर तो पूर्णच आडवा असतो. हा ब्रूस्टर कोन. फिल्टर फिरवून आडवा उजेड अडवला की प्रतिबिंब गायब, तळ हजर. यात एक मजा आहे, या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजेच पाण्याचा अपवर्तनांक (उजेड पाण्यात शिरताना किती वळतो त्याचं माप), १.३३. म्हणजे डोळ्यांच्या उंचीला १.३३ ने गुणा, तेवढ्या अंतरावरच्या पाण्यावर फिल्टर सगळ्यात जास्त काम करणार. पुळणीवर उभे असाल तर फक्त दोन मीटर पुढे, पण पाण्यापासून ९ मीटर उंच तटावर गेलात तर १२ मीटर पुढे. म्हणून माझं तर स्पष्ट मत आहे, लेन्सवर खर्च करण्याआधी चढायला जागा शोधा, तट, खडप, जेट्टी, काहीही.

हीच युक्ती सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये बोटीवर वापरली होती. त्याआधी लॉर्ड रॅली यांच्यासारखा मोठा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गेला होता की खोल समुद्राची निळाई म्हणजे फक्त आकाशाचं प्रतिबिंब. रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परत येत होते, भूमध्य समुद्रावर त्यांनी निकोल प्रिझममधून, म्हणजे त्या काळच्या पोलरायझरमधून, पाण्याकडे बघितलं, प्रतिबिंब कापलं, तर निळा रंग जायच्या ऐवजी आणखी खुलला! म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा. बोट मुंबई बंदरात आली आणि तिथूनच त्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाला पत्र धाडलं.

पाणी मुळात लाल रंग खातं. ६५० नॅनोमीटरचा लाल उजेड ३ मीटर पाण्यातून गेला की एक तृतीयांशच उरतो, निळा जवळजवळ सगळा पार होतो. दीड मीटर खोल पाण्यात उजेड खाली जाऊन वर येतो, झाले ३ मीटर. पण लाल गळून उरलेला हा निळसर रंग दिसायला खाली पांढरा तळ हवा. लक्षद्वीपला प्रवाळाची पांढरी वाळू आहे म्हणून तिथलं पाणी फिरोजी दिसतं, आपल्याकडे रत्नागिरी पट्ट्यात वाळूत इल्मेनाइट हे काळं खनिज मिसळलेलं, तिथे सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) कितीही ओढा, लक्षद्वीप होणार नाही, उलट फोटो खोटा दिसतो.

मुंबईला तर विचारूच नका. खंबातच्या आखाताकडे जाल तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढते, मुंबईत उधाणाला ती ४ मीटरच्या वर जाते, वर खाड्यांचा गाळ, सगळं सतत ढवळलेलं. मालवणकडे तफावत निम्म्याच्या आसपास, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळतं. त्यातही उधाण टाळून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतली तफावत कमी असते ते दिवस धरा, आणि खाडीच्या तोंडाशी असाल तर भरती संपता संपता काढा, ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं.

वेळ? पहाटेची सोनेरी वेळ इथे कामाची नाही, तिरपा उजेड पाण्यात नीट शिरतच नाही. आपला किनारा पश्चिमेचा, सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि मतलई वारे असेपर्यंत पाणी शांत असतं, खारे वारे सुटले की लाटालाटांवर चमचम सुरू, आणि दुपारनंतर सूर्य समोर येतो. त्यामुळे साडेनऊ ते साडेअकरा, बस.

उजळ वाळू फ्रेममध्ये जास्त असेल तर कॅमेरा ती मध्यम राखाडी समजून फोटो काळपट करतो, एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवा पण हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजवीकडे आपटू देऊ नका, नाहीतर उजळ भाग पांढरे फटक होतात. मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगल लेन्ससमोर धरून फिरवून बघा, थोडी रंगछटा येते पण ती नंतर काढता येते, प्रतिबिंबाखाली दबलेला तळ मात्र कुठल्याच अ‍ॅपने परत आणता येत नाही. आणि संध्याकाळी ओल्या वाळूवर मावळतीचे रंग पकडायचे असतील तेव्हा फिल्टर काढून खिशात ठेवा, तेव्हा प्रतिबिंबच तर हवं असतं, शिवाय हा फिल्टर स्टॉप-दीड स्टॉप उजेड गिळतो तो वेगळाच.