घरगुती नेटवर्क व इलेक्ट्रॉनिक फिटिंग (नागपूर)

घरात इंटरनेट, वाय-फाय, टीव्ही, छत्री (डिश अँटेना), सीसीटीव्ही कॅमेरे, डोअरफोन आणि त्यांना लागणाऱ्या तारा बसवण्याचा व्यवसाय. नागपुरात हे काम करणाऱ्याला कुणी केबलवाला म्हणतं, कुणी कॅमेरावाला, कुणी नुसतं वायरमन. पूर्वी ही तीन वेगळी माणसं असत, आता बहुतेक घरी एकच जण पिशवी घेऊन येतो. सामान सीताबर्डीच्या बाजारातून येतं आणि ते इतर कुठल्याही शहरातल्यासारखंच असतं. फरक पडतो तो उन्हाचा. घरगुती राऊटर साधारणपणे ० ते ४० अंश सेल्सिअस हवेत चालावा, या हिशोबाने बनवलेला असतो. नागपुरात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. मे २०१३ मध्ये तो ४७.९ वर पोचला होता. त्यामुळे पुस्तकातले सगळे नियम पाळूनही इथली फिटिंग नवतपात (मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद पडू शकते. या नोंदीतल्या सूचना मुख्यतः त्याच अनुभवातून आलेल्या आहेत.

जागेची निवड

घरमालकाला राऊटर दिसायला नको असतो. मग तो माळ्यावर, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात किंवा जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत जातो. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो, म्हणून छताला लागून असलेला फूट-दीड फूट भाग खोलीतला सर्वांत गरम असतो. राऊटर त्याच्या खाली, आतल्या भिंतीवर, उघड्यावर लावावा. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळावी. डिसेंबरात बसवलेलं काम पाहून काहीच कळत नाही, जागा चुकल्याचं मे महिन्यात दुपारी तीन वाजता समजतं.

घरात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो असा : “काकू, उन्हाळ्यात कूलर कोणत्या खिडकीत लावता?” हिवाळ्यात ती खिडकी रिकामी असते आणि बाहेरच्या माणसाला नेमकी तीच केबल आत घ्यायला सोयीची वाटते. होळीनंतर तिथे लोखंडी कूलर बसतो. त्याची टाकी भरताना पाणी सांडतं, वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून थेंब गळतात आणि भिंत चार महिने ओली राहते. गार हवेत राऊटर थंड राहील, या समजुतीने तो कूलरच्या झोतात ठेवणारेही आहेत. ती हवा दमट असते. नेटच्या तारेच्या प्लगमधल्या संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा थर असतो, पण हलक्या प्लगमध्ये तो इतका पातळ असतो की एक-दोन उन्हाळ्यांत पट्ट्यांवर हिरवट डाग येतात आणि नेट ‘मध्येच जातं’. शिवाय कूलरचं पत्र्याचं खोकं वाय-फायच्या लहरी परतवतं. राऊटर आणि बेडरूम यांच्या मधल्या रेषेत कूलर येणार असेल, तर जागा बदललेलीच बरी.

भिंती कशाच्या आहेत, तेही पाहावं लागतं. महाल, इतवारी भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. वाय-फायची ५ गिगाहर्ट्झची लहर अशी एक भिंत कशीबशी पार करते, दुसरी नाही. तिथे मोठ्या अँटेनाचा महाग राऊटर विकण्यापेक्षा तारेने जोडलेले दोन साधे अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणाऱ्या छोट्या पेट्या) द्यावेत. ग्राहकाचे पैसे वाचतात आणि तक्रारही येत नाही. मनीषनगर, बेसा भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ असल्या तरी शेजाऱ्यांचे डझनभर राऊटर एकमेकांवर ओरडत असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न छेदणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यातलं कमी गर्दीचं निवडावं. रिकामं दिसलं म्हणून ३ किंवा ४ घेतलं, तर दोन्हीकडचा गोंगाट पदरात पडतो.

तार

इथरनेटच्या, म्हणजे नेटच्या, तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर मानतात : भिंतीतली पक्की तार ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (जॅकपासून उपकरणापर्यंतच्या छोट्या तारा) मिळून १० मीटर. हा हिशोब २० अंश तापमानाचा आहे. तार तापली की सिग्नल जास्त क्षीण होतो, आणि ६० अंशांना ९० मीटरची मर्यादा ७५ मीटरवर येते. छतावरच्या उन्हात पडलेल्या पाईपमधली तार मे महिन्यात किती तापत असेल, हे त्या पाईपला हात लावणाऱ्याला सांगावं लागत नाही. छतावरून किंवा पश्चिमेच्या भिंतीवरून जाणारी लाईन ७० मीटरच्या आतच ठेवावी. बाहेर काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची तार वापरावी. घरात वापरायची राखाडी पीव्हीसी तार बाहेर टाकली, तर काही उन्हाळ्यांतच तिचं आवरण वाळक्या सालीसारखं तडकतं.

बाजारात स्वस्त मिळणारी बरीच तार तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची असते. ओळखायची कशी? ब्लेडने एक तार खरवडावी. आत चंदेरी रंग दिसला, तर ते तांबं नव्हे. पेटी उचलतानाही ती हलकी लागते. अशी तार कोणत्याच इथरनेट मानकात बसत नाही आणि ठिसूळ असल्याने जॅकमध्ये दाबताना तुटते. तिच्यातून कॅमेऱ्याला वीज दिली, तर विजेला तिचा विरोध जास्त असल्याने ती तापते आणि शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पुरत नाही. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की नेमका तोच कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. पाचशे-हजार रुपये वाचवण्यासाठी ही तार भिंतीत गाडणं म्हणजे ग्राहकाशी केलेली फसवणूक आहे, कारण ती बदलायची तर पुढे भिंतच फोडावी लागते.

प्लग मारण्याचं काम दोन मिनिटांचं, पण निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. रंगांचा क्रम बहुतेक ठिकाणी टी५६८बी असतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. प्लग दाबण्याआधी तो डोळ्यांसमोर आडवा धरून पाहावा. आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरण प्लगच्या मागच्या खिळीखाली गेलेलं असलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं, की सगळा ताण आठ बारीक तारांवर येतो. कुणी फरशी पुसताना वायर ओढली की काम संपलं. भिंतीतली तार एकसंध तांब्याची असते, म्हणून तिला प्लग न मारता भिंतीवरच्या जॅकमध्ये पंच करावं (अवजाराने दाबून बसवावं) आणि पुढे लवचीक पॅच कॉर्ड द्यावी. नागपुरात हे अजून कमीच जण करतात.

आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर तार जोडली आहे एवढंच सांगतो. जोड्या चुकीच्या मिसळल्या, पण दोन्ही टोकांना सारख्याच मिसळल्या, तर आठही दिवे हिरवे लागतात आणि लाईन तरी रडत राहते. त्यामुळे पुट्टी भरण्याआधी लॅपटॉप लावून वेग पाहावा. गिगाबिटसाठी चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. १००० ऐवजी १०० दिसले, तर बहुधा निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी सुटली आहे.

भिंतीतला पाईप किमान २५ मिलिमीटरचा असावा. २० च्या पाईपमधून एचडीएमआयचं टोक बेंडवर अडकतं. दोन ओढपेट्यांमध्ये (तार ओढायला भिंतीत ठेवलेल्या पेट्यांमध्ये) दोनपेक्षा जास्त काटकोनी बेंड नकोत, आणि शेवटी आत एक नायलॉनची दोरी सोडावी. पुढे येणारा कारागीर अनोळखी असला, तरी ती दोरी त्याच्या उपयोगी पडते.

वीज, न्यूट्रल आणि वळीव

२३० व्होल्टच्या फिटिंगला हात लावण्यासाठी तारतंत्री परवाना लागतो. तो नसेल, तर बोर्ड बदलण्याचं काम परवानाधारक वायरमनवर सोपवावं. विजेची आणि नेटची तार एकाच पाईपमधून नेऊ नये. एकमेकींना ओलांडायचंच असेल, तर काटकोनात ओलांडावं.

उन्हाळ्यात एसी-कूलरचा भार वाढला की न्यूट्रलचा सैल जोड जळतो. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल तुटला, तर एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राऊटर एका क्षणात जातात. साधा स्पाइकगार्ड हे थांबवत नाही. त्यासाठी मुख्य बोर्डावर जास्त-कमी व्होल्टेज ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण लागतं, आणि ते सुचवणं हे फिटिंग करणाऱ्याचंच काम आहे.

अर्थिंगचा प्रश्न काळ्या मातीमुळे बिकट होतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटली की विरोध वाढतो, आणि विजांचा वळीव नेमका त्याच दिवसांत येतो. फेब्रुवारी-मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगावं; बागेला घालतात तसं. छतावरचा छत्रीचा आणि कॅमेऱ्याचा खांब अर्थ करावा. दोन इमारतींमध्ये, किंवा घर आणि गेटवरच्या कॅमेऱ्यामध्ये लांब अंतर असेल, तर तांब्याऐवजी फायबर टाकावं. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून एका टोकाला कोसळलेली वीज दुसऱ्या टोकाच्या घरात येत नाही.

वीज गेल्यावर नेट चालू राहावं म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस देतात, पण फायबरची ओएनटी (फायबरमधला प्रकाश राऊटरला समजेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी पेटी) त्यावर जोडायची राहून जाते. मग वाय-फाय दिसतं, नेट मात्र नसतं. दोन्ही उपकरणं जोडावीत आणि दोघांचे अ‍ॅडॅप्टर ९ चे की १२ व्होल्टचे, ते वाचूनच पिन लावावी.

फायबर आणि छत्री

फायबरच्या जोडणीचं हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, निळं सरळ. हिरव्यात हिरवंच जोडावं. ओएनटीकडे येणारा प्रकाश उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायच्या मापाच्या) दरम्यान हवा. बसवल्या दिवशी मिळालेला आकडा ओएनटीच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तो चार-पाचने घसरला असेल, तर दोष बाहेरच्या लाईनचा की घरातल्या वळणाचा, हे शोधायला एक धागा मिळतो. फायबरला खिळा-क्लिप ठोकून दाबू नये. टोकात डोकावून पाहू नये : १४९० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. नागपूरहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १४५ अंशांवर, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंच येतो. ऑफसेट छत्री (जिचा सिग्नल पकडणारा भाग मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असतो) दिसते त्यापेक्षा वर पाहत असते, म्हणून नवा माणूस ती गरजेपेक्षा जास्त आकाशाकडे वळवतो आणि तासभर सिग्नल शोधत बसतो.

काम सोपवणं आणि कामाची वेळ

प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी हवी. कॅमेरे आणि राऊटरचा मूळ पासवर्ड ग्राहकासमोर बदलावा. नवा त्यानेच टाकावा आणि कारागिराने तो आपल्या वहीत ठेवू नये. कॅमेऱ्याच्या चौकटीत शेजाऱ्याची खिडकी येते का, तेही तिथेच मोबाइलवर दाखवावं.

मे महिन्यात छतावरचं काम सकाळी सहा ते दहामध्ये संपवावं. त्यानंतर खांबाच्या नट-बोल्टला उघडा हात लावता येत नाही आणि शिडीची अ‍ॅल्युमिनिअमची पायरीही चटके देते. डोक्याला दुपट्टा, हातमोजे, पाण्याची बाटली आणि मीठ-साखर सोबत असावी; बऱ्याच घरी न मागता पन्हं मिळतं, ते नाकारू नये. चक्कर आली, मळमळलं किंवा घाम येणं थांबलं, तर छत्री अर्धवट असली तरी तशीच सोडून सावलीत उतरावं आणि ग्राहकाला दुसऱ्या दिवशीची सकाळ द्यावी.