रबरी हाताचा भ्रम

रबरी हाताचा भ्रम : नजरेसमोर ठेवलेला रबरी हात आपलाच आहे, असे थोड्याच वेळात वाटू लागण्याचा अनुभव. दिसणारा स्पर्श आणि त्वचेला जाणवणारा स्पर्श यांची वेळ जुळली की तो येतो. ‘हे शरीर माझे’ ही जाणीव मेंदू कशी घडवतो, याच्या अभ्यासातला हा सर्वांत गाजलेला प्रयोग आहे. अमेरिकेतील मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी तो १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जेमतेम एका पानात मांडला.

मांडणी अगदी साधी. माणसाचा डावा हात टेबलावर, पण उभ्या पडद्याआड. पुढ्यात खऱ्याच मापाचा रबरी डावा हात. प्रयोग करणारा दोन बारीक कुंचले घेऊन दोन्ही हातांवर एकाच लयीत फिरवतो. खऱ्या तर्जनीवर कुंचला टेकला, की त्याच क्षणी रबरी तर्जनीवरही टेकतो. मूळ प्रयोगात दहा जणांवर दहा मिनिटे हे चालले. कुंचला रबराला लागताना दिसतो आहे, तिथेच स्पर्श होतो आहे, असे त्यांनी नोंदवले. दुसऱ्या, अधिक वेळ चाललेल्या प्रयोगात सहभागींना डोळे मिटून, उजवे बोट टेबलाखालून सरकवत डाव्या तर्जनीच्या खाली आणायला सांगितले. बोट खऱ्या हाताच्या जागी न थांबता रबरी हाताच्या दिशेला सरकले. भ्रम जितका जास्त वेळ टिकल्याचे कोणी सांगितले, तितके हे सरकणेही जास्त होते.

असे का होते, याचे उत्तर ज्ञानेंद्रियांच्या कामाच्या वाटणीत आहे. वस्तू नेमकी कुठे आहे, हे सांगण्यात डोळे तरबेज असतात. न दिसणाऱ्या हाताची जागा मात्र स्नायू आणि सांध्यांकडून येणाऱ्या संवेदनांवरून ओळखावी लागते आणि ती माहिती ढोबळ असते. दोघांच्या सांगण्यात फरक पडला की मेंदू डोळ्यांकडे झुकतो. पण नुसते दिसणे पुरत नाही. दिसणारा आणि जाणवणारा स्पर्श पुनःपुन्हा एकाच क्षणी आला, तर दोन्हींचे मूळ एकच असावे, असा निष्कर्ष मेंदू काढतो. दोन्ही कुंचल्यांच्या स्पर्शाची वेळ जुळेनाशी झाली की भ्रम विरतो. मनोस ट्साकिरिस आणि पॅट्रिक हॅगार्ड यांनी २००५ मध्ये दाखवले, की हाताऐवजी लाकडी काठी ठेवली किंवा रबरी हात शरीराशी विसंगत कोनात वळवला, तरीही तो येत नाही. हात कसा दिसतो आणि कसा असू शकतो, याचा मेंदूपाशी असलेला आराखडा इथे आडवा येतो.

२००४ मध्ये हेन्रिक एर्सन आणि सहकाऱ्यांनी भ्रम चालू असताना मेंदूचे स्कॅन घेतले. हालचालींची आखणी करणाऱ्या, मेंदूच्या पुढच्या भागातील प्रीमोटर पट्ट्यातील क्रिया भ्रमाच्या तीव्रतेबरोबर वाढत होती. माकडांच्या याच भागात हाताला स्पर्श झाल्यावर आणि हाताजवळ काही येताना दिसल्यावरही उद्दीपित होणाऱ्या चेतापेशी आहेत, हे मायकेल ग्रॅझियानो यांच्या संशोधनातून आधीच माहीत होते.

पुढे हाच धागा संपूर्ण शरीरापर्यंत गेला. २०११ मध्ये स्टॉकहोममधील प्रयोगात लोकांना विशेष चष्म्यातून स्वतःच्या शरीराच्या जागी ३० सेंटिमीटरची बाहुली दाखवली आणि दोघांच्या अंगाला एकदमच स्पर्श केला. बाहुलीचे अंग आपलेसे झाल्यावर आजूबाजूच्या वस्तू त्यांना मोठ्या आणि दूर वाटू लागल्या. जगाची मापेही आपण स्वतःच्या देहावरून घेतो, हे या एका प्रयोगाने जितके थेट दाखवले, तितके क्वचितच कुठल्या प्रयोगाने दाखवले असेल.

भ्रमाचे मोजमाप मात्र जपून वाचायला हवे. नुसत्या रबरी हाताकडे पाहत राहिले तरी हाताची वाटणारी जागा सरकते, असे २०११ च्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे जागा चुकणे आणि हात आपला वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचनांना सहज वश होणारी माणसे भ्रम अधिक तीव्र असल्याचे सांगतात, हे २०२० मध्ये पीटर लश आणि सहकाऱ्यांनी दाखवले. भ्रमाचा काही भाग नुसत्या सूचनेतून येत असावा, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यावरचा वाद मिटलेला नाही.

रुग्णालयात याची उलट बाजू दिसते. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात झालेले काही रुग्ण स्वतःचा डावा हात डॉक्टरांचा किंवा नातेवाइकाचा असल्याचे ठामपणे सांगतात. अशाच रुग्णांना २०११ मधील एका अभ्यासात तो हात आरशात दाखवला, तेव्हा त्यांनी तो आपला म्हणून मान्य केला. थेट पाहताना पुन्हा नाकारला. हात तुटलेल्या १८ जणांवर २००८ मध्ये स्वीडनमध्ये प्रयोग झाला. त्यांच्या हाताच्या उरलेल्या भागावर स्पर्श करताना समोरच्या रबरी हाताच्या तर्जनीला त्याच क्षणी स्पर्श केला, तेव्हा त्यांतील अनेकांना तो रबरी हात आपला वाटला. कृत्रिम हाताच्या बोटांना झालेला स्पर्श उरलेल्या अवयवाच्या त्वचेपर्यंत किंवा मज्जातंतूंपर्यंत पोचवणारी साधने बनवण्याच्या प्रयत्नांना या निष्कर्षाचा आधार मिळाला आहे.