स्पर्धा आणि सरकारी हस्तक्षेप

मालाचा भाव काय असावा आणि धंद्यात कोणी उतरावे, हे विक्रेत्यांच्या चढाओढीवर सोडायचे की सरकारने ठरवायचे, हा आर्थिक धोरणातला जुना वाद आहे. खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून अठराव्या शतकातल्या ॲडम स्मिथ या अर्थतज्ज्ञाचे नाव घेतात. पण एकाच धंद्यातली माणसे जमली की गप्पा शेवटी भाव चढवण्याच्या कटावर येतात, हेही १७७६ मध्ये त्यानेच लिहिले. असे कट मोडायला कायदाच लागतो. अमेरिकेने तो १८९० मध्ये केला आणि १९११ मध्ये त्याच कायद्याखाली स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेल कंपनीचे ३४ तुकडे झाले.

उलट, चढाओढ सरकारनेच दाबून धरल्याचे उदाहरण अमेरिकी विमानसेवेत सापडते. १९३८ पासून कोणत्या मार्गावर कोणी उडायचे आणि भाडे किती घ्यायचे, हे एक सरकारी मंडळ ठरवी. चाळीस वर्षांत त्याने एकाही नव्या कंपनीला मोठ्या आंतरराज्य मार्गांवर येऊ दिले नाही. भाडे कमी करता येईना, म्हणून कंपन्या गिऱ्हाईक ओढायला जेवण आणि सरबराई वाढवत गेल्या. एकीने तर विमानात पियानो ठेवला. एका राज्याच्या हद्दीतली उड्डाणे मात्र मंडळाच्या कक्षेबाहेर होती. त्यामुळे कॅलिफोर्निया राज्यातला लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास तेवढ्याच अंतराच्या आंतरराज्य प्रवासाच्या जवळपास निम्म्या भाड्यात होई. १९७८ मध्ये ही बंधने उठवण्याचा कायदा झाला.

काही धंद्यांत मुळात स्पर्धाच परवडत नाही. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांनी पाण्याचे दोन नळ टाकले, तर दुप्पट खर्च अखेर गिऱ्हाइकाच्याच बिलात येतो. याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात; तिथे दरावर नियामक हवाच. प्रदूषणाची भरपाईही बाजार आपणहून करत नाही.

सर्वात वाईट म्हणजे अर्धवट सुधारणा. कॅलिफोर्नियाने विजेचे घाऊक दर मोकळे सोडले आणि किरकोळ दर बांधून ठेवले. महाग घेऊन स्वस्त विकता विकता तिथली एक मोठी वीज कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली.

नियंत्रण उठल्यावर स्पर्धा टिकतेच असेही नाही. अमेरिकेत विमान कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि देशांतर्गत वाहतुकीचा मोठा वाटा चौघींच्या हाती आला. जानेवारी २०२४ मध्ये, स्वस्त भाड्याची स्पर्धा टिकावी म्हणून, न्यायालयाने जेटब्लू या विमान कंपनीला स्पिरिट ही दुसरी विमान कंपनी विकत घेऊ दिली नाही. नोव्हेंबरात स्पिरिटने दिवाळखोरीचा अर्ज केला.