वाळ्याची ताटी

वाळा या गवताच्या सुगंधी मुळ्या बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत दाबून बसवलेला जाड पडदा. उन्हाळ्यात तो दारा-खिडक्यांना लावून पाण्याने भिजता ठेवतात. बाहेरची झळ त्यातून गार होऊन घरात येते. हिंदीत वाळ्याला खस म्हणतात. स्वयंपाकातल्या खसखशीशी त्याचा काही संबंध नाही, ती अफूच्या बोंडातली बी.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ओल्या मुळ्यांमधून वारा जातो तेव्हा ही उष्णता त्या वाऱ्यातूनच घेतली जाते. मुळ्यांचे बारीक जाळे पाणी धरून ठेवते आणि तरीही वारा अडवत नाही, म्हणून वाळा या कामाला इतका जुळला. शिवाय त्याचा वास, जो घरभर पसरला की दुपार सोसण्याजोगी होते.

हवा किती गार होईल हे तिच्या कोरडेपणावर ठरते. तापमान ४३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने हवा फार तर २५ अंशांच्या आसपास येऊ शकते. प्रत्यक्षात तिथवर पोहोचत नाही, पण दहा-बारा अंशांचा फरकही मोठाच. मुंबईसारखी ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेची हवा असेल, तर हीच मर्यादा २८ अंशांच्या वर राहते. त्यामुळे ताटी शोभते ती विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात. कोकणात आणि गोव्यात तिने गारव्यापेक्षा चिकचिक वाढते.

अकबराच्या काळात वाळ्याच्या भिंतींच्या खोल्या करून त्यांवर पाणी शिंपडत, असे 'आईन-इ-अकबरी'त नोंदले आहे. इंग्रजी अमलात बंगल्यांच्या दारांना ताट्या लागल्या. त्या दिवसभर ओल्या ठेवण्यासाठी नोकर असत. एकोणिसाव्या शतकात हाताने फिरवायचा पंखा पेटीत बसवून तो ओल्या ताट्यांमधून वारा ओढेल अशी सोय निघाली. आजच्या कूलरची बांधणी मुळात हीच.

विदर्भात हा वारसा शब्दातही टिकला आहे. कूलरच्या तिन्ही बाजूंना बसणाऱ्या गवताच्या किंवा लाकडाच्या किसाच्या जाळ्यांना आजही 'ताट्या' म्हणतात आणि उन्हाळा लागला की त्या बदलतात. घरगुती कूलरला साधारण १५० ते २५० वॅट वीज लागते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास घेते.

ताटी असो वा कूलर, समोरची खिडकी उघडी हवी. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही तर खोली काही वेळात कोंदट होते आणि गारवा थांबतो. वातानुकूलनाच्या सवयीने खिडक्या बंद करून कूलरला नावे ठेवणारे पुष्कळ आढळतात. दोष बहुधा बंद खिडकीचा असतो. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढणे अत्यावश्यक आहे, कारण वीज उतरून जीव गेल्याच्या घटना दर उन्हाळ्यात घडतात. टाकीतल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून कोरडी करावी लागते.

मृगाचा पाऊस सुरू झाला की हवेत ओल येते, आणि ताट्या उतरवून ठेवतात.