थर्मोकार्स्ट तळी

सलग दोन किंवा त्याहून अधिक वर्षे ज्या जमिनीचे तापमान ० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यातला बर्फ वितळला की जमीन खचते आणि खळग्यात पाणी साठते. अशा तळ्याला थर्मोकार्स्ट तळे म्हणतात. कार्स्ट हे मुळात चुनखडीच्या मुलखातील खचलेल्या भूरूपांचे नाव. तेथे दगड विरघळतो, येथे बर्फ वितळतो. सायबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा आणि तिबेटच्या पठारावर ही तळी आहेत.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या जानेवारीत दव गोठते, हिमकणांचे फोटो छापून येतात आणि ऊन वर आले की सगळे संपते. सातारा-सांगलीकडच्या वाचकाची गोठलेल्या जमिनीशी ओळख एवढीच. गोबरगॅसशी मात्र त्याची ओळख घरची असते, आणि या तळ्यांच्या बुडाशी जे चालते ते बरेचसे तेच आहे.

खचण्याची रीत

सायबेरिया आणि अलास्काच्या काही भागांत हिमयुगात वाऱ्याने वाहून आलेल्या बारीक मातीचे जाड थर आहेत. त्यांना यडोमा म्हणतात. दर हिवाळ्यात जमिनीला भेगा पडल्या, वसंतात त्यांत पाणी शिरून गोठले, आणि हजारो वर्षांत तिथे पाचरीच्या आकाराचा बर्फ वाढत गेला. काही ठिकाणी या पाचरी ४० मीटरपर्यंत खोल जातात. यडोमाच्या आकारमानात निम्म्याहून अधिक भाग बर्फच असतो, त्यामुळे तो वितळल्यावर वरची जमीन सरळ खाली बसते.

सुरुवातीचे डबके हिवाळ्यात तळापर्यंत गोठते. ते दीड-दोन मीटरपेक्षा खोल झाले की गणित बदलते. तिथला हिवाळी बर्फ साधारण तेवढाच जाड होतो, त्यामुळे खालचे पाणी आणि गाळ वर्षभर न गोठता राहतात. तळ्याखाली उलट्या घुमटासारखा वितळलेल्या मातीचा भाग तयार होतो, त्याला तालिक म्हणतात. तो दरवर्षी आणखी खाली सरकतो. काठही ढासळत असतात, आणि प्रत्येक दरडीबरोबर जुन्या मुळ्या, गवत आणि शेवाळ पाण्यात पडते. उत्तरेकडील पर्माफ्रॉस्टच्या मातीत असा १,३०० ते १,६०० अब्ज टन कार्बन आहे. सध्याच्या वातावरणातील कार्बनच्या तो दीडपट ते दुप्पट भरतो.

कुजण्याचे टप्पे

उसाचे पाचट बांधावर पसरले तर ते हवेत कुजते आणि त्यातला कार्बन मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. तेच पाचट पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दाबले तर काही दिवसांत बुडबुडे येऊ लागतात. फरक ऑक्सिजनचा आहे. गाळाच्या वरच्या काही मिलिमीटरमध्येच तो संपतो. त्यानंतर सूक्ष्मजीव नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट असे क्रमाने वापरतात. प्रत्येक पायरीला ऊर्जा कमी मिळते. सगळे संपल्यावर मिथेन बनवणाऱ्यांची पाळी येते.

त्यांनाही आयते खाणे लागते. आधी काही जिवाणू विकरे सोडून सेल्युलोज आणि प्रथिनांचे तुकडे करतात. मग किण्वन करणारे जिवाणू त्यांपासून आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. शेवटी आर्किया येतात. हे जिवाणूंसारखे दिसतात, पण त्यांचे कूळ वेगळे. मेथॅनोसार्सिना आणि मेथॅनोथ्रिक्स अ‍ॅसेटिक आम्ल फोडून मिथेन व कार्बन डायऑक्साइड सम प्रमाणात देतात (मेथॅनोसार्सिनाला इतरही मार्ग येतात), तर मेथॅनोरेग्युलासारखे आर्किया हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन बनवतात. साखळीतला एक गट अडला की मागे आम्ल साठते. गोबरगॅसच्या टाकीत एकदम जास्त खरकटे टाकल्यावर गॅस बंद पडतो तो याच कारणाने.

गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के असतो. या तळ्यांच्या बुडबुड्यांत तो ८० टक्क्यांच्याही वर जातो. आर्किया अधिक कर्तबगार आहेत असे नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिथेनच्या वीस-पंचवीसपट विरघळतो, म्हणून तो पाण्यातच राहतो आणि बुडबुडा मिथेनचा होतो. मिथेनला वासही नसतो. गाळ ढवळल्यावर येणारा कुजक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा.

थंडीतही गॅस का येतो

थंडीत गोबरगॅस कमी पडतो, हे ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांना सांगायला नको. तळ्यांपासून भातखाचरांपर्यंतच्या मोजमापांवरून ० ते ३० अंशांदरम्यान मिथेनचे उत्सर्जन सुमारे ५७ पट वाढते असे दिसते. या हिशेबाने आटपाडीच्या तलावाचा गाळ सायबेरियाच्या गाळाला सहज मागे टाकेल. पण आपल्याकडचा गाळ सतत उबदार असतो, म्हणून मऊ, पचायला सोपा भाग तो लवकर संपवतो. उन्हाळ्यात तलाव आटला की भेगांतून हवा शिरते आणि उरलेल्यापैकी बराच भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. यडोमातले गवत कुजण्याआधीच गोठले. तीस-चाळीस हजार वर्षे शीतगृहात ठेवल्यासारखे ते तसेच राहिले. शिवाय थर काही सेंटिमीटरचा नव्हे, मीटरांचा आहे, आणि तालिकमध्ये काम बाराही महिने चालते. वेग कमी, पण माल अफाट.

माल कोणत्या काळाचा आहे, यालाही महत्त्व आहे. खटावच्या पाझर तलावातून निघणारा कार्बन बहुधा गेल्या काही वर्षांत पिकांनी आणि शेवाळाने हवेतूनच घेतलेला असतो. तो मिथेन होऊन परतला तर उष्णता वाढवतोच. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट भारी पडतो. यडोमाचा कार्बन मात्र हिमयुगापासून चक्राबाहेर होता. तो परत येतो तेव्हा खात्यावर नवी रक्कम चढते.

बुडबुडा की विद्राव

गाळातून हळूहळू पाण्यात मिसळणारा मिथेन वाटेतच खाल्ला जातो. ऑक्सिजन असलेल्या थरात मेथिलोबॅक्टरसारखे जिवाणू त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात. बुडबुडा मात्र हे नाके ओलांडून काही सेकंदांत पृष्ठभागावर येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर सायबेरियाच्या अभ्यासात अशा तळ्यांच्या मिथेनपैकी ९५ टक्के बुडबुड्यांवाटे जातो असे आढळले. १९७४ ते २००० दरम्यान तळी पसरल्यामुळे तिथले उत्सर्जन ५८ टक्क्यांनी वाढले होते. सर्वांत जोरदार उमाळे ढासळत्या काठालगत होते, आणि त्यांतला कार्बन ३५ ते ४३ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. तळ्याच्या मध्यभागी चार भांडी लावून सरासरी काढली तर आकडा हमखास कमी येतो, तो यामुळे.

हिवाळ्यात बुडबुडे बर्फाखाली अडकून पांढऱ्या चकत्या होतात, एकावर एक भाकरीच्या चवडीसारख्या. जोरदार उमाळ्यावर बर्फ धरतच नाही किंवा पातळ राहतो. तिथे पाय ठेवणे धोक्याचे.

प्रत्येक तळे कायम मिथेनच ओकते असेही नाही. काठ फुटून पाणी वाहून गेले की उरलेल्या खोलगटात गवत उगवते. सायबेरियातील याकुतियात अशा खोलगटांना आलास म्हणतात, आणि तिथे गुरे चरतात. कित्येक जुन्या तळ्यांत शेवाळ आणि पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) इतके साठले, की सुमारे ५,००० वर्षांपूर्वीपासून ती एकंदरीत कार्बन देण्यापेक्षा घेऊ लागली. कॅनडातील क्वेबेकच्या उत्तरेकडची छोटी काळपट डबकी आणखी वेगळी. त्यांच्या गढूळ पाण्यात ऊन खोल जात नाही, थर मिसळत नाहीत आणि तळाशी ऑक्सिजन राहत नाही.

मोजणी

१७७६ साली इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळून वर येणारा वायू बाटलीत धरला. आजची पद्धत त्याहून फार निराळी नाही, आणि ती माण-खटावच्या कोणत्याही तलावावर करता येते. ६० सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे उलटे करून पाण्याखाली ठेवतात, तोंडाला वजने बांधतात, वरच्या टोकाला मापाची बाटली आणि तोटी बसवतात. लावताना आत हवेचा एकही फुगा राहू देऊ नये. २४ तासांनी साठलेला वायू सिरिंजने काढून मिथेनचे प्रमाण तपासतात.

समजा, ७०० मिलिलिटर वायू जमला आणि त्यात ६० टक्के मिथेन निघाला. म्हणजे मिथेन ४२० मिलिलिटर. समुद्रसपाटीला, २५ अंशांवर, त्याचे वजन ०.२७ ग्रॅम भरेल. साताऱ्याची उंची सुमारे ७४० मीटर असल्याने तिथे हवेचा दाब आठ टक्क्यांनी कमी, म्हणून ०.२५ ग्रॅम. नरसाळ्याचे क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर धरले तर दर चौरस मीटरला दिवसाला ०.९ ग्रॅम. दाबाची दुरुस्ती विसरणे ही सर्रास चूक आहे.

बाकीच्या चुका हाताच्या असतात. नरसाळे लावताना पाय गाळात रुतले की दबलेले बुडबुडे एकदम सुटतात, त्यामुळे पहिल्या काही तासांचा वायू सोडून द्यावा. नमुना बाटलीत आठवडाभर ठेवला तर मिथेन पाण्यात विरघळतो आणि पाण्यातले नायट्रोजन-ऑक्सिजन वायूत शिरतात, म्हणजे प्रमाण खोटेच कमी दिसते. नरसाळ्याच्या आत शेवाळ धरले की ऑक्सिजनचे बुडबुडे मिसळतात; त्यासाठी ते आतून घासावे लागते. हवेचा दाब उतरला किंवा कालव्याला पाणी सोडल्याने पातळी खाली गेली तर गाळावरचे ओझे हलके होऊन बुडबुडे एका दमात सुटतात, म्हणून एका दिवसाच्या आकड्याला ३६५ ने गुणू नये.